दहा-बारा वर्षांच्या विपश्यनेनंतर तोल बिघडला, तर बैठक कशी कमी करायची आणि तिच्या जागी काय आणायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. बारा वर्षं विपश्यना, म्हणजे शरीरातल्या संवेदना तटस्थपणे पाहण्याचं ध्यान, चालू आहे. रोज सकाळ-संध्याकाळ एकेक तास आणि वर्षाला एक दहा दिवसांचं शिबिर. सुरुवातीची सात-आठ वर्षं फायदा स्पष्ट जाणवत होता. आता मात्र भुवयांच्या मध्ये सतत दाब असतो, रात्री दोन-तीनला जाग येते, घरातल्या माणसांशी बोलताना आतून काही उमटत नाही, आणि एखादी बैठक चुकली की अपराधी वाटतं. शिबिरातल्या शिक्षकांना विचारलं की उत्तर मिळतं, "समतेने (आवड-नावड न ठेवता) पाहत राहा." आणखी बसायचं की सोडून द्यायचं?

दोन्ही नको. आणखी बसलात तर जे बिघडलंय तेच वाढेल. एका दिवसात सोडलंत तर आठवड्याभरात इतकी चिडचिड आणि अस्वस्थता येते की माणूस घाबरून पुन्हा दोन तासांवर येतो. "समतेने पाहत राहा" हे उत्तर चुकीचं नाही, अपुरं आहे. शिबिरात सहायक आचार्यांसमोर, म्हणजे तिथल्या शिक्षकांसमोर, साधक काही मिनिटं बसतो. त्याची झोप, नोकरी, घरातली बोलाचाली त्यांना दिसत नाही.

बैठकीला हात लावण्याआधी शरीर तपासून घ्या. शाकाहारी माणसांत बी-१२ ची कमतरता आपल्याकडे सर्रास आढळते आणि तिच्यात हातापायांना झिणझिण्या, थकवा, चिडचिड, विसराळूपणा हे सगळं येतं. या झिणझिण्यांना सूक्ष्म संवेदना समजून महिनोन्‌महिने पाहत बसणारे साधक असतात. बी-१२, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन, उपाशीपोटीची साखर आणि रक्तदाब एवढं बघून घ्या. थायरॉइडच्या बिघाडातही झोप आणि उत्साह दोन्ही जातात. दुसरी गोष्ट पायांची. मांडी घालून तासभर बसल्यावर गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, खाली, हाडावरून जाणारी नस दाबली जाते. उठल्यावर पाच-दहा मिनिटांत मुंग्या गेल्या तर काळजी नाही. पण पाऊल उचलताना पुढचा भाग खाली लोंबत असेल किंवा चप्पल निसटत असेल, तर मांडी घालणं त्या दिवसापासून बंद आणि डॉक्टरांकडे जायचं.

काही लक्षणांना खालचं काहीच लागू नाही. सलग तीन-चार रात्री जेमतेम झोप होऊनही थकवा नाही आणि डोक्यात कल्पनांची रीघ लागलीय, आपल्याला काही विशेष सापडलंय असं वाटतंय, आवाज ऐकू येतात, आजूबाजूचं जग खोटं वाटतं आणि ते जात नाही, किंवा जगू नये असे विचार येतात, तर साधना पूर्ण थांबवायची आणि मनोविकारतज्ज्ञांना गाठायचं. ताबडतोब बोलायला कोणी हवं असेल तर सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते. मराठीतही बोलता येतं. आधी कधी मानसिक आजाराचं औषध चालू असेल तर ते स्वतःहून बंद करू नका. "साधनेनेच बरं होईल" या भरवशावर गोळ्या थांबवल्याने झालेलं नुकसान भरून काढायला फार वेळ लागतो.

आता बिघाड नेमका कुठे होतो ते पाहू. दहा दिवसांच्या शिबिरात पहिले साडेतीन दिवस आनापान, म्हणजे श्वास पाहणं, लक्ष नाकाखाली, वरच्या ओठाच्या वरच्या छोट्या जागेवर. चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायापर्यंत संवेदना पाहणं. दहाव्या दिवशी मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणं. घरी हाच क्रम राहतो, फक्त मैत्री पाच मिनिटांवर येते आणि घाई असेल तर गळते. म्हणजे वर्षानुवर्षं रोज दोन तास लक्षाला एकच वळण मिळतं. ते आत जातं, लहान जागेवर थांबतं आणि बहुतेक वेळा डोक्यापासून सुरू होतं. पहिली काही वर्षं हे वळण हवंच असतं, कारण मन बाहेरच्या बाहेर सांडत असतं. पण ते इतकं पक्कं होतं की पुढे बसमध्ये, मीटिंगमध्ये, नवऱ्याशी किंवा बायकोशी वाद चालू असतानाही लक्ष आपोआप छातीतल्या धडधडीकडे जातं. समोरचा माणूस बोलत राहतो.

भुवयांमधल्या दाबाचं कारण बहुधा साधं असतं. डोळे मिटलेले असले तरी साधक बुबुळांनी 'बघत' असतो. नजर वर चढते, कपाळ आक्रसतं, जबडा आवळला जातो आणि हे तासभर चालतं. पडताळून पाहा. बसलेले असताना जीभ टाळूपासून सोडवा, दात एकमेकांपासून वेगळे करा आणि मिटल्या डोळ्यांनी नजर पायाच्या अंगठ्याकडे उतरू द्या. दोन-तीन मिनिटांत दाब निम्मा झाला तर तो स्नायूंचा ताण आहे. त्यात कुठला जुना संस्कार (मनात साठलेला ठसा) वर येत नाहीये, त्यामुळे तो 'निघून जाईपर्यंत' पाहत बसण्यातही अर्थ नाही. बैठक नसतानाही डोकेदुखी वाढत असेल किंवा दिसण्यात फरक पडला असेल तर मात्र डोळे आणि डोकं दोन्ही दाखवून घ्या.

झोपेचं गणित याहून सरळ. संवेदना पाहणं हा जागं राहण्याचा सराव आहे. संध्याकाळची बैठक आठ-नऊला झाली आणि वर अंथरुणात पडल्यावरही शरीरभर लक्ष फिरवलं तर मेंदूला झोपेची खूण मिळतच नाही. शिबिरातली शिस्त अर्धवट घरी आणण्यानेही गोंधळ होतो. तिथे पहाटे चारला उठायचं असतं, पण रात्री साडेनऊला दिवे बंद होतात. घरी अकराला झोपून चारला उठणारा साधक 'साधनेने झोप कमी लागते' म्हणतो, तेव्हा तो रोज पाच तासच झोपत असतो. जेवणाचंही तसंच. जुने साधक शिबिरात संध्याकाळी फक्त लिंबूपाणी घेतात. ती सवय घरी नोकरी-धावपळीत चालू ठेवली तर रात्री तीनची जाग भुकेचीही असू शकते. संध्याकाळी साडेसात-आठला भाकरी-भाजी किंवा वरणभात खा आणि चार दिवस फरक बघा.

कोरडेपणाकडे सगळ्यात जास्त लक्ष द्यायला हवं, कारण तो प्रगतीसारखा दिसतो. सहकाऱ्याने आपलं काम स्वतःच्या नावावर खपवलं. राग आला, छातीत गरमी जाणवली, 'अनित्य' म्हणून पाहिली, गरमी ओसरली. छान. पण सहकाऱ्याला काहीच सांगितलं गेलं नाही, आणि महिन्याभराने तो पुन्हा तेच करतो. राग एक निरोप घेऊन आला होता. तो वाचायच्या आधीच आपण कागद वितळवून टाकला. असं हजारदा झालं की भावना तीव्रपणे येणंच कमी होतं आणि त्यात आनंद, ओढ, काळजी यांचाही नंबर लागतो. समता आहे की बधिरपणा, हे ओळखायला बैठकीतला अनुभव कामाचा नाही. धाराप्रवाह, म्हणजे अंगभर सूक्ष्म संवेदनांचा सलग ओघ, असतानाही माणूस बधिर असू शकतो. घरात बघा. मुलाने शाळेतली गंमत सांगितली तर हसू येतं का? नको असलेल्या गोष्टीला 'नाही' म्हणता येतं का? जवळचं कोणी गेलं तर रडू येतं का? समतेत उसळी कमी होते, ओल कमी होत नाही. स्वतःला ठरवता येत नसेल तर घरातल्या माणसाला विचारा आणि उत्तर ऐकून घ्या, तेव्हा तरी संवेदना पाहू नका.

हे तुमच्या एकट्याचं नाही. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी बौद्ध परंपरांत ध्यान करणाऱ्या पाश्चात्त्य साधकांच्या आणि शिक्षकांच्या मुलाखती घेऊन २०१७ मध्ये अवघड अनुभवांचे ५९ प्रकार नोंदवले. झोपेतले बदल, शरीरातला दाब आणि भावना बोथट होणं हे त्यात आहेत. २०२० साली ८३ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ध्यानाचे प्रतिकूल परिणाम सुमारे ८ टक्के लोकांत निघाले. म्हणजे बहुसंख्यांना त्रास होत नाही, पण ज्यांना होतो त्यांनी तो कल्पनेतला समजू नये.

परंपरेशी प्रतारणा होईल ही भीती असेल तर मूळ शिकवणच पाहा. सोण नावाचा भिक्खू राजगृहाजवळच्या शीतवनात चंक्रमण (चालत ध्यान) करताना पाय रक्ताळेपर्यंत जोर लावत होता. तो आधी वीणा वाजवायचा. बुद्धाने त्याला तारा फार ताणल्या किंवा फार सैल सोडल्या तर काय होतं एवढंच विचारलं आणि जोर बेताचा करायला सांगितलं. याहून उपयोगी सूत्र संयुत्त निकायात, म्हणजे बुद्धाच्या उपदेशांच्या एका पाली संग्रहात, आहे. मन मरगळलेलं असेल तेव्हा प्रश्रब्धी (शांतपणा), समाधी (एकाग्रता), उपेक्षा (समता) वाढवू नयेत, धम्मविचय (धम्माची पारख), वीर्य (उत्साह) आणि प्रीती (आनंद) वाढवावी. मन उडालेलं, तापलेलं असेल तेव्हा याच्या उलट. स्मृती (सजगता) तेवढी नेहमी उपयोगी. म्हणजे एकच औषध सगळ्या अवस्थांना नाही, हे तिथेच लिहिलंय. आणि ही पद्धत आपल्यापर्यंत आली ती गृहस्थांकडून. सयाजी ऊ बा खिन ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते, नोकरी सांभाळून शिकवत. सत्यनारायण गोयंका व्यापारी होते, १९६९ मध्ये भारतात शिकवायला आले. गृहस्थाच्या साधनेचं माप गृहस्थी ठीक चाललीय का, यावरच घ्यायला हवं.

तर आधी ठरवा, तुमचं मन तापलेलं आहे की मरगळलेलं. तापलेल्याला झोप नाही, डोक्यात दाब, आवाजाने दचकणं, शरीरात आपोआप झटके किंवा कंप. मरगळलेल्याला बैठकीत गोड धुंदी, उठल्यावर कशातच रस नाही, कामं पुढे ढकलणं, 'सगळं अनित्यच आहे' हे वाक्य वरचेवर तोंडात. तुमच्या वर्णनात रात्री पहिलं आणि दिवसा दुसरं दिसतंय. असं मिश्रण पुष्कळांत असतं. अशा वेळी आधी तापलेल्या बाजूचा इलाज करायचा, कारण झोप सुधारली की मरगळ बरीचशी आपोआप जाते.

पहिले दोन आठवडे वेळ निम्मी करा. सकाळी ३० मिनिटं, संध्याकाळी ३० मिनिटं, आणि संध्याकाळची सातच्या आत. खुर्चीवर बसा, दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकलेले, डोळे अर्धवट उघडे, नजर दीड-दोन मीटर पुढे जमिनीवर. अधिष्ठान, म्हणजे न हलता बसण्याचा निश्चय, नाही. हलावंसं वाटलं की हला. पहिली पाच मिनिटं नुसते आवाज ऐका, दूरचे आणि जवळचे, रिक्षा, पंखा, शेजारच्या कुकरची शिट्टी. पुढची पंधरा मिनिटं तळपायापासून कमरेपर्यंत आणि दोन्ही तळहात एवढाच भाग पाहा. छाती, मान, डोकं इकडे जायचं नाही. लक्ष गेलंच तर पुन्हा तळव्यांवर आणा. शोधायच्या त्या ठळक संवेदनाच, म्हणजे फरशीचा गारवा, खुर्चीचा दाब, कपड्याचा स्पर्श. सूक्ष्म प्रवाह आपोआप सुरू झाला तर डोळे पूर्ण उघडून खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मनात घ्या. जुन्या साधकाला हे नकोसं वाटतं, हातचं काहीतरी सोडल्यासारखं वाटतं. तरी करा. शेवटची दहा मिनिटं मैत्रीला.

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात संध्याकाळची बैठक पूर्ण काढायची आणि तिच्या जागी ३० ते ४० मिनिटं भरभर चालायचं. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, एवढा वेग. इथे जुने साधक हमखास एक चूक करतात, चालतानाही तळपायांच्या संवेदना पाहायला लागतात आणि बैठकच चालू राहते. तसं झालं की दुकानांच्या पाट्या वाचा, झाडं ओळखा, नजर लांबवर ठेवा. कोणी सोबत असेल तर उत्तम, गप्पा मारा. लक्ष बाहेर नेणं हाच इथला व्यायाम आहे.

याच काळात आठवड्यातून दोन-तीन दिवस अंगमेहनत आणा. सूर्यनमस्कार ६ पासून सुरू करून महिन्याभरात १२ पर्यंत न्या. गुडघे कुरकुरत असतील तर सूर्यनमस्कार नको, खुर्चीवरून उठणं-बसणं १० वेळा, असे तीन फेरे, मध्ये मिनिटभर विश्रांती. मोठ्या स्नायूंवर भार पडला की संवेदना शोधाव्या लागत नाहीत, त्या स्वतः येऊन सांगतात, आणि रात्रीची झोप खोल होते. बागकाम, विहिरीत पोहणं, भजनी मंडळात टाळ घेऊन बसणं यांचाही उपयोग आहे. सामूहिक गाण्यात उच्छ्वास आपोआप लांबतो आणि माणूस इतरांच्या तालाशी जुळवून घेतो. घरी एकटं डोळे मिटून बसण्यात या दोन्ही गोष्टी नाहीत.

श्वासाचा उपाय करायचा असेल तर सौम्य. नाकाने चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर, पाच ते दहा मिनिटं, श्वास रोखायचा नाही. झोपण्याआधी भ्रामरी (भुंग्यासारखा गुणगुणता उच्छ्वास) ५ ते ७ वेळा. तापलेल्या मनाने भस्त्रिका, कपालभाती किंवा लांब कुंभक (श्वास रोखणं) करू नयेत. विपश्यना जमत नाही म्हणून कुंडलिनी जागृतीच्या शिबिरात जाणं हे तर आगीतून उठून फुफाट्यात. हठप्रदीपिका या हठयोगाच्या ग्रंथातच बजावलंय की युक्त (योग्य रीतीच्या) प्राणायामाने रोग जातात आणि अयुक्त अभ्यासाने तेच उद्भवतात.

रात्री जाग आली तर शरीर तपासत पडू नका. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठा, मंद दिव्यात काहीतरी नीरस वाचा, पेंग आली की परत आडवे व्हा. सकाळी उठायची वेळ रोज एकच, शक्यतो सहा. पहाटे चारचा हट्ट हे तीन महिने सोडा.

भावना परत ओळखीच्या करायला रोज रात्री तीन ओळी लिहा: आज काय घडलं, मला काय वाटलं, मला काय हवं होतं. दुसऱ्या ओळीत 'छातीत जडपणा' चालणार नाही. 'अपमान वाटला', 'हेवा वाटला', 'एकटं वाटलं' असं लिहायचं. पहिले काही दिवस शब्दच सुचणार नाहीत, त्यावरून किती गंज चढलाय ते कळेल. आठवड्यातून किमान दोनदा तिसऱ्या ओळीतली गोष्ट त्या माणसाला तोंडाने सांगायची. "ताई, तू मला न विचारता ठरवलंस ते मला लागलं," एवढं पुरे. आवाज थरथरला तरी चालेल.

मैत्री शेपटासारखी शेवटी न लावता स्वतंत्र करा. सकाळच्या दहा मिनिटांचे हळूहळू पंधरा. 'सर्व प्राणी सुखी होवोत' ने सुरुवात केली तर ती हवेत विरते. एक माणूस घ्या, ज्याच्याबद्दल सहज जिव्हाळा आहे, नात किंवा जुना मित्र. चेहरा आठवा, एकच वाक्य सावकाश. मग स्वतः, मग शेजारी-दुकानदार अशी ओळखीची पण लांबची माणसं. भांडणातली माणसं महिनाभर तरी घ्यायची नाहीत. काहीच उमटलं नाही तर जोर लावू नका, त्या माणसाला फोन करा. फोनने जे होतं ते कधीकधी पंधरा दिवसांच्या मैत्री भावनेने होत नाही.

सातव्या आठवड्यापासून बाराव्यापर्यंत सकाळची २०-३० मिनिटं, आणि आठवड्यातला एक दिवस पूर्ण सुट्टी. मुख्यतः मरगळीचाच त्रास असलेल्याने थोडं वेगळं करावं: एक लांब बैठक न करता १५ मिनिटांच्या दोन, उभ्याने किंवा चालत, डोळे पूर्ण उघडे, आणि रोज एक टाळलेलं काम बैठकीच्या आधी उरकायचं.

बिघडतं ते बहुधा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. दाबून ठेवलेलं दुःख किंवा राग वर येतो, कारण तो वितळवणारी बैठक कमी झालेली असते. रडू येईल, जुन्या गोष्टींवरून घरात खटका उडेल. 'बघा, साधना कमी केली म्हणून विकार वाढले' असा निष्कर्ष तेव्हा काढू नका. झोप आणि भूक सुधारत असेल तर दिशा बरोबर आहे. झोप आणखी बिघडली, किंवा जुन्या आघाताची दृश्यं वारंवार समोर येऊ लागली तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ हवेत. त्यांना ध्यानाचा पूर्ण इतिहास सांगा: किती वर्षं, किती तास, किती शिबिरं. दुसरा घोटाळा म्हणजे मोकळ्या झालेल्या वेळात ध्यानाविषयीचे व्हिडिओ पाहत बसणं. त्याने लक्ष पुन्हा स्वतःवरच खिळतं.

सामूहिक साधनेतल्या मंडळींना काय सांगायचं हा प्रश्न छोटा वाटतो, पण त्यापायी लोक महिनोन्‌महिने लपवाछपवी करतात. "तब्येतीमुळे सध्या बैठक कमी केली आहे" एवढं खरं आणि पुरेसं आहे. धम्मसेवा (शिबिरात विनामोबदला काम) करायची असेल तर स्वयंपाकघरातली घ्या, तिथे हातांना काम आणि माणसांशी संबंध दोन्ही असतात.

या वर्षी शिबिर नको, २० किंवा ३० दिवसांचं तर मुळीच नको. मौनात रोज दहा तास बसल्यावर आता सुटत आलेलं वळण चार दिवसांत परत घट्ट बसतं. तीन महिन्यांनी पाहा: सलग सहा आठवडे सहा-सात तास झोप, डोक्यातला दाब नाही, आणि एखादा दिवस बसलं नाही तरी अपराधी न वाटणं, हे तिन्ही असेल तर तासाभराची एक बैठक परत सुरू करायला हरकत नाही, सुरुवात पायांकडून आणि मैत्री पंधरा मिनिटं. अनेकांना तेव्हा दोन तासांची गरजच वाटत नाही, तेही चालेल. पुढे कधी शिबिराचा अर्ज भरलात तर मधल्या काळातला त्रास, घेतलेली औषधं आणि केलेल्या इतर साधना फॉर्मवर स्पष्ट लिहा. एकाच पद्धतीवर राहणं ही तिथली अट आहे. या माहितीवरून त्यांनी थांबायला सांगितलं, तर थांबा.